झारी भरलेली आहे

मित्रांनो, मी दुधाची एक जुनी झारी आहे, अस्सल चांदीची. रिकामी असते तर तोंड उघडले नसते. कपाटातल्या भांड्याला गप्प बसायची सवयच असते. पण आज मी गळ्यापर्यंत भरलेली आहे. सकाळी दारात आलेली दुधाची बाटली माझ्यात ओतली गेली. ते दूध विस्तवाच्या जवळूनही गेलेले नाही. आणि आतल्या खोलीत पलंगावर बोक्या झोपला आहे. बोक्या म्हणजे या घरातले लेकरू. दूध दिसले की जिभल्या चाटत दुडुदुडु येतो, म्हणून त्याचे नाव बोक्या. तो उठला की त्याला माझ्यातलेच दूध मिळणार.

माझ्यासमोरची खुर्ची रिकामी आहे. त्या खुर्चीवर बसून रोज मला अडवणारे माणूस आज घरात नाही. म्हणून बोक्या उठायच्या आत मला सगळे सांगून टाकायचे आहे. देवाने मला पोट दिले, तोंड दिले, फक्त जीभ द्यायची राहिली. तरीही तुम्हाला माझे बोलणे ऐकू येत असेल, तर ती त्याचीच कृपा समजा.

माझा जन्म एका सोनाराच्या हातून झाला. सोनार मोठा भाविक होता आणि गळ्याने गोड होता. हातोडीच्या ठेक्यावर तो देवाची एक ओळ गायचा, मग हातोडी थांबवून त्या ओळीचा अर्थ मला समजावून सांगायचा, जणू मी समोर मांडी घालून बसले आहे! अर्थ सांगून झाला की पुन्हा ओळ, पुन्हा ठोके. चांदी ठोकून ठोकून ताठ होते, आणखी ठोकली तर चिरते. म्हणून तिला मधूनमधून विस्तवात घालून मऊ करावे लागते. मला विस्तवात घालताना तो नेहमी म्हणायचा, “घाबरू नको पोरी. तापल्याशिवाय कुणी निर्मळ होत नाही. मी नाही, तू नाही, तुझ्यात जे पडेल तेही नाही.”

मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या आयुष्यात खरे ज्ञान मला तेवढेच मिळाले, आणि ते मला कुणापर्यंत पोचवता आले नाही.

त्याने माझे पोट गोल केले, गळा बारीक केला, पाठीला धरायची मूठ बसवली, आणि सर्वांत शेवटी पाखराच्या चोचीसारखी वाकडी तोटी डाख देऊन जोडली. झाकणावर धरायला एक इवलेसे वासरू बसवले, तोटीकडे मान वळवून बघणारे. ज्याने पाहिले त्याने नावाजले. पण तोटी पोटाला जिथे जुळते, तिथे आतून एक अरुंद खोबण राहिली होती. तिथे बोट पोचत नाही, काथ्या पोचत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

एका बाईने मला आपल्या लेकीच्या लग्नात द्यायला घेतले. लेकीचा नवरा घड्याळजी होता. पाठवणीच्या वेळी बाईने मला लेकीच्या ओंजळीत ठेवले आणि डोळे पुसत सांगितले, “चांदीत दूध नासत नाही, बाळे. लेकरांना यातूनच देत जा.” आईने शेवटचे म्हणून सांगितलेले ते बोलणे. लेकीने ते काळजात जपून ठेवले.

घड्याळजींच्या घरात पुढच्या खोलीत दुकान होते आणि मागे स्वयंपाकघर. दुकानात दुरुस्तीला आलेली घड्याळे भिंतभर टांगलेली, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. त्यामुळे आमच्याकडे बारा वाजायला लागले की बराच वेळ वाजतच राहायचे. घड्याळजी थट्टेखोर होते. मी घरात पाऊल टाकले त्याच दिवशी ते बायकोला म्हणाले की तुझ्या आईने आंदण नाही दिले, स्वतःलाच पाठवून दिले आहे; पोट तेच, ठसका तोच. तेव्हापासून माझे नाव सासूबाई पडले. दूध ओतून घेताना ते म्हणायचे, “चला सासूबाई, जरा वाका.” बायको लटके रागवायची आणि पदराआड हसायची. फार सुखाचे दिवस होते ते.

त्या काळी गवळी गाय घेऊन दारात यायचा आणि डोळ्यांदेखत धार काढायचा. दूध अजून कोमट असायचे. पुढे वस्ती वाढली, घरांना घरे चिकटली, गाईला उभे राहायला जागा उरली नाही. मग दूध लांबच्या गोठ्यांतून किटल्यांतून येऊ लागले. कुठल्या गाईचे, कुठल्या हातांचे, कधी काढलेले, कुणाला ठाऊक. सगळे एका किटलीत. जाणती माणसे सांगू लागली की दूध उकळून घ्या. घड्याळजींच्या बायकोने ते ऐकले. घरातले सगळे दूध ती खळखळून उकळायची.

सगळे, म्हणजे माझ्यातले सोडून.

त्यांना दोन मुले होती. थोरली ताई आणि धाकटा पिटू. पिटूला उकळलेले दूध चालायचे नाही. साय ओठाला चिकटली की तो तोंड वेडेवाकडे करून सगळे दूध आईच्या लुगड्यावर उडवायचा. पण एकदा किटलीतून माझ्यात ओतलेले दूध त्याने घटाघटा प्यायले आणि आणखी मागितले. आई हरखली. एवढेसे हडकुळे पोर, पोटात काही ठरत नव्हते, ते आपणहून मागते आहे! घड्याळजींनी एकदा हटकले, की अगं हे कच्चे आहे. ती म्हणाली, “चांदीत आहे ना. चांदीत दूध नासत नाही.” तुझी आई म्हणेल ते खरे, असे म्हणून तेही दुकानात गेले.

मित्रांनो, चांदीत थोडा गुण असेलही. मी स्वतःला अगदीच हिणवत नाही. पण माझ्यावर जो भार टाकला होता तो पेलायचा गुण माझ्यात नव्हता. दोन वेळा दूध भरायचे, पाण्याने विसळायचे, आणि बाहेरून राखेने घासून असे लखलखीत करायचे की वासराच्या डोळ्यात दिवा दिसावा. आतल्या त्या खोबणीत दूध साचत होते, सुकत होते, त्यावर पुन्हा नवे दूध वाहत होते. पाहुणे म्हणायचे, काय सुंदर झारी आहे हो तुमची. मला तेव्हा शरमेने काळे पडावेसे वाटे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा राख यायचीच.

उन्हाळ्यात पिटू आजारी पडला. ताप आणि जुलाब, थांबता थांबेनात. डॉक्टर आले. दूध उकळून देता ना, असे त्यांनी विचारले. आईने सांगितले की उकळल्याशिवाय या घरात थेंब कुणाच्या पोटात जात नाही. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी माझ्यातले दूध कच्चे नव्हतेच. ते चांदीतले दूध होते. डॉक्टर औषध देऊन गेले. आणि औषधापाठोपाठ, पोराने काहीतरी घ्यावे म्हणून, ती माझ्यातूनच त्याला दूध पाजत राहिली. तेवढेच तर तो घेत होता. ती स्वयंपाकात असली की ताई पाजायची. सात वर्षांची पोर. एका हाताने भावाची मान सावरायची, दुसऱ्याने मला तिरके करायची. पिटूची मूठ झाकणावरच्या वासराभोवती असायची. दिवसागणिक ती मूठ सैल होत गेली. मला ते कळत होते. मी देवाला आळवत होते की मला आता फुटू दे, गळू दे, हातातून निसटू दे. पण चांदी फुटत नाही.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा ताई पाजतच होती. त्यांनी मला तिच्या हातातून घेतले, झाकण उघडून वास घेतला, मग काडीला कापूस गुंडाळून तोटीच्या आत घातला. कापूस पिवळा होऊन बाहेर आला. पुढच्या खोलीतली घड्याळे तेवढी टिकटिकत होती.

“हे कशाला दिलंत?” डॉक्टरांनी हळूच विचारले.

“चांदी आहे ना हो ती,” आई म्हणाली.

“बाई, चांदीला काय कळतं.”

ते रागावले नव्हते, थकलेले होते. पण ते चार शब्द माझ्यावर जे कोरले गेले ते कुठल्याही राखेने निघाले नाहीत. पिटू भर दुपारी गेला. घड्याळांचे बारा वाजायला लागले ते एकामागून एक वाजतच राहिले, आणि ते संपेपर्यंत त्याची आई त्याला हाका मारत होती. नंतर कित्येक दिवस घड्याळजींनी एकाही घड्याळाला किल्ली दिली नाही. मला पुन्हा कधी कुणी सासूबाई म्हटले नाही.

मला मोडीत घालावे असे घड्याळजींच्या मनात आले होते. आईने हात धरला. “विकू नका, वितळवू नका. त्याचे ओठ लागलेत तिला. पण माझ्या डोळ्यांना दिसू नये.” तिने मला जुन्या निळ्या कापडात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवले आणि कुलूप लावले. लोकांना सांगितले गेले की पोर तापाने गेले. तेही खरेच होते. बाकीचे तिघांनी गिळून टाकले: घड्याळजींनी, तिने आणि ताईने. आईची लाज होती ती, आणि मायेच्या माणसाची लाज कुणी चव्हाट्यावर मांडत नाही. पुढे तिला आणखी एक मुलगा झाला. त्याच्या जन्मापासून ती दूध इतके उकळायची की ते तांबूस व्हायचे आणि खाली लागायचे. घरातली सगळी माणसे करपट वासाच्या दुधावर वाढली, आणि त्या तिघांवाचून कुणाला त्याचे कारण कळले नाही. ताईने स्वतः मात्र त्या दिवसापासून दुधाला तोंड लावले नाही.

कपाटातल्या अंधारात मी दुधाचा इतिहास कानांनी ऐकला, मित्रांनो. आधी किटल्या एकमेकींवर आपटल्याचा ठणठणाट. मग पत्र्याच्या टोपणाच्या बाटल्यांची किणकिण. मग पिशवीचा कोपरा दाताने फाडल्याचा आवाज, आणि त्यावर मोठ्यांचे ओरडणे, की कात्री नाही का घरात. एकदा त्या धाकट्या भावाचा मुलगा कपाटाला टेकून मोठमोठ्याने धडा पाठ करत होता. फार पूर्वी मोठ्या माणसांना दूध पचतच नसे; आईचे दूध सुटले की संपले. मग काही लोकांच्या पोटांनी हळूहळू ते पचवायला शिकून घेतले, इतरांनी त्याचे दही लावले, लोणी काढले; आणि दुधातले जंतू तापवल्याने मरतात हे शोधायला त्यापुढे युगे लोटली. तो मुलगा मध्येच जांभया देत होता. मला अंधारात रडावेसे वाटत होते. माणसाच्या पोटाला दूध शिकायला एवढा काळ लागला, आणि एका घराला विसरायला एक बंद कपाट पुरते.

आई गेली तेव्हा कपाटाची किल्ली ताईच्या गळ्यात आली. ताईने लग्न केले नाही. भावाला तिने वाढवले, भावाच्या मुलाला वाढवले, भाऊ गेल्यावर भाच्याचा संसार मांडून दिला. भाच्याची बायको या घरात आली ती सूनबाई, आपल्या बोक्याची आई. स्वभावाने लोण्यासारखी मऊ, हसतमुख, देवापुढे हात जोडल्याशिवाय चहा न घेणारी. तिच्यावर कुणी रागावू नका. माझ्या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही, तेच तर अवघड आहे.

मागच्या थंडीत ताईला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. सगळे शब्द पुसले गेले, एकच उरला: “बरं”. भूक लागली, बरं. उशी टोचते, बरं. नको म्हणायचे असले तरी बरं. दवाखान्यात तिच्या गळ्यातली किल्ली काढून सूनबाईच्या हातात दिली गेली.

सूनबाईने कपाट उघडले, निळे कापड सोडले. मी काळी ठिक्कर पडले होते. तिने पांढरी पूड आणून दात घासायच्या जुन्या ब्रशने मला घासायला घेतले. वासराचे कान, मूठ, तोटीचा बाक, सगळे. बाहेरून. मग मला उजेडात धरून म्हणाली, अगंबाई, किती गोड वासरू आहे! कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला नावाजले, पण आत अजूनही कुणी बघितले नव्हते.

घरी पिशवीचे दूध तापवून प्यायचे. पण सूनबाईच्या मैत्रिणीने तिला सांगितले होते की तापवल्याने दुधातले सत्त्व मरते. आता काचेच्या बाटलीतले दूध मिळते, थेट गोठ्यातून, न तापवलेले, जसे देवाने दिले तसे. सूनबाईने बोक्यापुरती एक बाटली लावली. आणि ती बाटली माझ्यात रिकामी करून मोठ्या आनंदाने ताईच्या खुर्चीपाशी आली.

“आत्या, बघा काय सापडलं! आपल्या घरातलीच ना ही? बोक्याला यातूनच देऊ ना दूध? माझी आई म्हणते, चांदीत दूध नासत नाही.”

शब्द न् शब्द तेच होते. ताईचे डोळे विस्फारले. तिने जोराने मान हलवली, डावा हात हवेत मारला, आणि तिच्या तोंडातून जे निघाले ते, “बरं. बरं, बरं.”

“बघा, आत्यांना किती आनंद झालाय,” सूनबाई म्हणाली.

तेव्हा ताईने डाव्या हाताने मला ढकलून दिले. मी कलंडले, दूध टेबलावरून जमिनीवर गेले. सूनबाईने ते पुसून घेतले. आजारी माणसाचा हात, चालायचेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झाले तेव्हा भाचा चिडला. म्हणाला, “आत्या, आता तुम्ही लहान आहात का? एवढं महागाचं दूध.” तिची खुर्ची खिडकीकडे सरकवायचे ठरले. ताईने खुर्चीचा हात असा घट्ट धरला की दोघांना तो सोडवेना, आणि खुर्ची होती तिथेच राहिली.

त्यानंतर तिने जे केले ते ऐका. बाटली माझ्यात ओतून सूनबाई पाठमोरी झाली की ताई मला ओढून घ्यायची, तोटी ओठाला लावायची आणि डोळे मिटून सगळे दूध पिऊन टाकायची. जिने पिटू गेल्यापासून दुधाला तोंड लावले नव्हते, ती. घोट घशाखाली उतरेना, दोन्ही डोळ्यांतून पाणी यायचे, पण थेंब ठेवायची नाही. बोक्याला मग पिशवीतले तापवलेले दूध मिळायचे.

घरात हसू झाले. भाचा म्हणाला की घरात एक बोका होता, आता दोन झाले. सूनबाईला तर भरून आले. अन्न नकोसे झालेली आत्या आपणहून दूध मागते, यापरते काय हवे! माऊलीने दुसऱ्या बाटलीचा विचारही केला होता, पण गोठ्याकडे तेवढे दूध नव्हते. म्हणून ती रोज वाट बघायची, आत्यांचे पिऊन झाले की उरले तर बोक्याला. रोज काहीच उरायचे नाही. इतकी वर्षे मला वाटत आले होते की मला कुणी समजून घेणारे नाही. होते. पण आम्हा दोघींनाही बोलता येत नव्हते.

मागच्या आठवड्यात ताईला ताप भरला. मग जुलाब. नवे डॉक्टर आले. खाण्यात काही वेगळे आले का, असे त्यांनी विचारले. सूनबाई म्हणाली, “नाही हो, सगळं घरचं. दूध तेवढं घेतात आवडीनं, तेही अगदी शुद्ध.” डॉक्टर म्हणाले की या वयात पोट असेच नाजूक होते. मी टेबलावर लखलखत उभी होते. कुणी झाकण उघडले नाही. कुणी काडीला कापूस गुंडाळला नाही.

काल दुपारी ताईला दवाखान्यात नेले. उचलून नेताना तिने डावा हात माझ्याकडे लांब केला. वासराला तिची बोटे निसटती लागली. सूनबाईला वाटले दूध हवे आहे. तिने डोळे टिपले आणि म्हणाली, “परत आलात की देते हो आत्या, पोटभर.” ताई तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, “बरं.”

आणि आज मी भरलेली आहे. पिऊन टाकणारे कुणी नाही.

मित्रांनो, मला आता दुसरे काही मागायचे नाही. मला जपून ठेवा, उजळवा, असे तर मुळीच म्हणत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखे काही असेल, आजीच्या मायेने आलेले, डोळे दिपवणारे, तर त्याचे झाकण उघडा आणि बोट जिथे पोचत नाही तिथे बघा. दूध उकळा. चांदीत असो, सोन्यात असो, देवाच्या घरून आलेले असो, उकळा. आणि घरात एखादे माणूस बरं बरं म्हणत मान हलवत असेल, तर त्याच्या शब्दाकडे बघू नका, मानेकडे बघा. जे कुणाची लाज राखायला झाकून ठेवले असेल ते वेळेवर सांगून टाका. वाचा आहे तोवर सांगा. माझा सोनार गेला, त्याचे गाणे गेले, पण तो खरे सांगत होता. मी विस्तवातून गेले होते. माझ्यातले हे दूध गेलेले नाही. देवा, तुला सगळे ऐकू येते म्हणतात. मग एवढेच सूनबाईच्या कानात सांग.

आतल्या खोलीत पलंग करकरला. बोक्या उठला. दुडुदुडु पावले वाजताहेत, आणि त्यांच्या मागे सूनबाईची. ती म्हणते आहे, चला आमच्या बोक्याचे आज नशीब उघडले. तिचा हात माझ्या मुठीवर पडला, उबदार, मायेचा. बोक्याने टाचा उंच करून वासराला पकडले आहे.

मला वाका म्हणणारे आज कुणी नाही. तरी मी वाकते आहे.